भरिताच्या दिवसांतली तीन वाक्ये

नव्वदच्या दशकाच्या मध्यात, हिवाळ्यातल्या एका रविवारी संध्याकाळी, एका खासगी हिंदी वाहिनीने टीव्ही मालिकांचा पुरस्कार सोहळा दाखवला. विनोदी भूमिकेचा पुरस्कार जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याच्या मधुकर या नटाला मिळाला. तो मंचावर तीन वाक्ये बोलला. जळगावात ती ऐकू आली. सावद्यात त्याचे नाव पुकारले गेले, पडद्यावर मुंग्या आल्या, आणि चित्र परत आले तेव्हा मंचावर दुसरेच कोणी उभे होते.

यंदा पुन्हा भरिताचे दिवस आले आहेत. जळगावच्या बाजारात हिरवट, पांढऱ्या रेघांच्या लांब वांग्यांचे ढीग लागले आहेत. संध्याकाळी शहराबाहेर दुचाकीवरून निघाले की कपाशीच्या काड्यांचा धूर नाकाला लागतो. या धुरासारखा वास दुसऱ्या कशाला नाही. त्यात वांग्याची जळकी साल असते, हिरव्या मिरचीचा ठसका असतो आणि शेताच्या बांधावरच्या थंडीचा ओलसरपणा असतो. पानगळीपेक्षा या वासावरून खानदेशात हिवाळा ओळखता येतो.

परवा अशाच एका शेतातून भरीत जेवून आलो आणि टीव्हीवर पुरस्कार सोहळा लागलेला होता. एक नायक देशाविषयी बोलला. एक नायिका मातीविषयी बोलली. एका विनोदवीराने पुढच्या रांगेत बसलेल्या मंत्र्यांची थोडी चेष्टा केली आणि मंत्री सगळ्यांच्या आधी हसले. कॅमेरा तेवढ्यात बरोबर मंत्र्यांच्या तोंडावर गेला. कॅमेऱ्याला ते आधी कसे कळले, हा प्रश्न बातमीदारी केलेल्या माणसाच्या मनात येतोच. असे प्रश्न मला त्या हिवाळ्यापासून पडू लागले.

मी तेव्हा जळगावच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. बातमीच्या टेबलाजवळ लोखंडी कपाटावर एक टीव्ही ठेवलेला असे. रविवारी काम कमी असे आणि सगळे मान वर करून बघत. मधुकर आमच्याकडचा म्हणून त्या दिवशी शिपाईसुद्धा चहाची किटली हातात धरून उभा होता. त्या सोहळ्यातही इतर लोक राजकारण बोलले होते. एकाने एका नेत्याला थोरला भाऊ म्हटले. दुसऱ्याने नाव न घेता दुसऱ्या नेत्याला टोमणा मारला. दोघांच्याही बोलण्याला टाळ्या सारख्याच पडल्या.

मधुकर हिंदीत बोलला. मराठीत ती वाक्ये अशी होतात : “हा पुरस्कार माझ्या अक्काचा. ती सहा दिवस पोरांना शिकवते आणि सातव्या दिवशी साहेबांच्या जेवणावळीत पुऱ्या लाटते. लाटताना ती हसत असते, अभिनय मी तिथेच शिकलो.”

मुंबईतल्या त्या सभागृहात हशा पिकला. आमच्या टेबलाजवळ कोणी हसले नाही.

मधुकरची थोरली बहीण पुष्पा सावद्याजवळच्या एका खासगी शिक्षणसंस्थेच्या शाळेत शिक्षिका होती. शाळेत तिला पुष्पाबाई म्हणत, बाकी सगळे अक्का. लग्न केले नव्हते. वडील, नाना, केळीचे जुने बागायतदार; अर्धांगवायूने दोन वर्षे अंथरुणाला खिळलेले. त्यांचे खाणेपिणे, कूस बदलणे, सगळे अक्काच्या हातचे. शाळेच्या मधल्या सुटीत ती सायकलवरून घरी येऊन त्यांना भरवून जाई. शाळा घरापासून जवळ होती, म्हणूनच हे जमत होते.

संस्थेचे अध्यक्ष होते आबा. संस्थेच्या शाळा दोन जिल्ह्यांत पसरलेल्या होत्या, सावद्यापासून थेट शिरपूरच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत. आबा राजकारणात होते आणि त्या वर्षी निवडणूक तोंडावर होती. हिवाळ्यात दर रविवारी त्यांच्या मळ्यात भरीत पार्टी असे. आमच्या भागात प्रचाराची खरी सुरुवात सभेने होत नाही, ती भरिताने होते. शे-दीडशे माणसे मळ्यात बसतात, केळीच्या पानावर भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या पडतात, आणि कोण कोणाच्या शेजारी बसले ते पाहून तालुक्याचा अंदाज बांधला जातो.

त्या पार्ट्यांची कामे संस्थेच्या माणसांत वाटलेली असत. शिपाई काड्या आणत. मास्तर मंडळी वांगी भाजत, लाकडी बडगीत ठेचत आणि वाढत. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या लाटणे शिक्षिका बाईंकडे. कोणाला लेखी सांगितले जात नसे. शनिवारी मुख्याध्यापक वर्गाच्या दारात येऊन म्हणत, “बाई, उद्या मळ्यात येताय ना?” जी येत नसे तिची सोमवारी आस्थेने चौकशी होई, तब्येत बरी आहे ना म्हणून. अशी चौकशी दोनदा झाली की तिसऱ्या रविवारी तब्येत बरीच असे.

मी बातमीसाठी अशा दोन पार्ट्यांना गेलो होतो. चुलीच्या धुराआड बाईंची ओळ बसलेली दिसायची. इस्त्रीच्या साड्या, पदर खोचलेले, हाताला पीठ. आबा पाहुण्यांना घेऊन तिथून जात आणि सांगत, “या बठ्ठ्या आमच्या घरच्याच.” सगळ्याच घरच्या म्हटल्यावर बाई हसत. अक्काही हसत असावी. तेव्हा मी तिच्याकडे वेगळे लक्ष दिले नव्हते.

त्या रविवारी सावद्यात लाइट गेली नव्हती. हे मी दुसऱ्या दिवशी तीन वेगळ्या घरांतून विचारून घेतले. पंखे बंद होते, कारण थंडी होती, पण दिवे चालू होते. बंद पडली होती फक्त केबल, आणि केबलवाला आबांचा भाचा होता.

“वायर ढिली झाली व्हती, भाऊ,” तो फोनवर म्हणाला. “थंडीनं व्हते असं.”

“बरोबर मधुकरच्याच वेळी?”

“आता वायरले काय माहीत मधू कवा येते ते.”

केबल खरोखर ढिली झाली असेल, तर तो योगायोग. मुद्दाम काढली असेल, तर ती चूक झाली. सोहळा आधीच मुंबईत चित्रित झालेला होता; मधुकर काय बोलला याची कुणकुण कोणाला तरी असणार. पण ती तीन वाक्ये सावद्याने ऐकली असती, तर लोक हसले असते आणि मंगळवारपर्यंत विसरले असते. न ऐकल्यामुळे सगळे गाव विचारत सुटले की तो बोलला तरी काय. ज्याला जे हवे ते त्याने भरले. बसस्टँडवर सांगितले जात होते की मधूने आबांचे नाव घेऊन शिवी दिली. केळीच्या वखारीत सांगितले जात होते की तो रडला आणि बहिणीला वाचवा म्हणाला. विरोधी गटाची माणसे सांगत होती की त्याने त्यांना मत द्यायला सांगितले. टीव्हीवरची तीन वाक्ये आठवडा उलटायच्या आत भाषण झाली.

त्याच आठवड्यात अक्का एसटीने जळगावला आमच्या कचेरीत आली. नानांजवळ शेजारीण बसवून आली होती, त्यामुळे घाईत होती. खुर्चीवर टेकली नाही.

“तो जे बोलला ते तुम्ही ऐकलं ना?” तिने विचारले.

“ऐकलं.”

“मग तेवढंच छापा. जास्त नको, कमी नको.”

संपादक म्हणाले, “बाई, छापून तुमचंच अवघड होईल. आम्ही नुसतं ‘बहिणीची आठवण काढली’ असं देतो.”

“अवघड झालंच आहे,” ती म्हणाली. “मुख्याध्यापक मला म्हणाले, शिरपूरच्या शाखेत जागा रिकामी आहे. न विचारता म्हणाले. नानांना सोडून मी शिरपूरच्या पुढे कशी जाऊ? निदान तो जे बोललाच नाही त्याची शिक्षा तरी नको.”

संपादकांनी चहा मागवला. तिने घेतला नाही. जाताना मी विचारले की मधुकरने बोलण्याआधी तुम्हाला विचारले होते का.

“त्याने मला टीव्ही लाव म्हणून फोन केला होता,” ती म्हणाली. “मी लावला. मुंग्या पाहिल्या.”

दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर, बाजारभावाच्या वर, ती तीन वाक्ये अवतरणात छापली गेली. पुढे-मागे काही नव्हते.

गावात याने फार फरक पडला नाही. लोकांना छापलेले वाक्य फिके वाटले. “पेपरवाल्यायनं खरं दाबलं,” असे म्हणणारे निघाले. अक्काला बाजारात लसूणवाल्याकडून ऐकावे लागले, “काय बाई, आता पुऱ्या मुंबईले धाडता का?” तिने त्याच्याकडून पाव किलो लसूण घेतला आणि पुढे गेली. हे विकणाऱ्यानेच मला सांगितले, आणि सांगताना तो ओशाळला होता.

आमचे धुळ्याचे वार्ताहर हिरामणभाऊ मधुकरला कॉलेजपासून ओळखत. मधुकर धुळ्याला शिकला, तिथल्या स्नेहसंमेलनांत पुढाऱ्यांच्या नकला करून नावारूपाला आला. मी फोनवर विचारले की हा मुलगा कोणाच्या बाजूचा.

“हाऊ पोऱ्या कोनाच नही शे, भाऊ,” हिरामणभाऊ म्हणाले. “जठे टाया पडतस, तठे तो. दोन्ही पार्टीना संमेलनमा नकला करे. ह्यासना मंचवर त्यासनी, त्यासना मंचवर ह्यासनी.”

“मग बहिणीचं?”

“बहीण खरी शे. पन बोलनं कोनं, ते मी सांगू शकत नही.”

पुढच्या बाजाराच्या दिवशी सावद्यात विरोधी गटाची व्हिडिओ गाडी आली. तेव्हा अशा गाड्या नव्या होत्या. मेटॅडोरच्या मागे मोठा टीव्ही, वर भोंगे. त्यावर मधुकरचे बोलणे पुन्हा पुन्हा दाखवले गेले. मी गर्दीत उभा राहून पाहिले. पडद्याच्या खालच्या बाजूला जाहिरातीची पट्टी नव्हती. आम्ही कचेरीत पाहिलेल्या प्रक्षेपणात ती पट्टी सतत सरकत होती. म्हणजे ही टेप कोणी घरी बसून उतरवलेली नव्हती. ती मुंबईहून, प्रक्षेपणाआधीच्या मूळ चित्रणावरून आली होती. कोणी दिली, कशासाठी दिली, हे मी गाडीवाल्याला विचारले. तो म्हणाला, “आमी काय, लावून देतो.” मधुकरला मुंबईला फोन केला. तो म्हणाला, “भाऊ, मला कोणी विचारलं नाही.” त्याला न विचारता टेप दिली गेली, की विचारले गेले नाही असे सांगायचे ठरले होते, हे मला आजही सांगता येत नाही.

सावद्याने ती वाक्ये तेव्हा प्रथम ऐकली. एक म्हातारा माझ्या शेजारी उभा होता. टेप तिसऱ्यांदा लागल्यावर म्हणाला, “इतलंच?”

त्याच आठवड्यात अक्काला बदलीचा हुकूम मिळाला. शिरपूरच्या पुढची शाखा, सातपुड्याच्या पायथ्याशी. आबांच्या कार्यालयाने मला सांगितले की बदल्या प्रशासकीय आहेत आणि त्यांचा कोणत्याही कार्यक्रमाशी संबंध नाही. मी तसे छापले. प्रशासकीय बदली झालेली त्या महिन्यातली ती एकटीच होती, हेही छापले.

थंडी वाढली होती. केळीच्या बागांत पाने कडेने करपू लागली होती, बागायतदार पहाटे बांधावर काडीकचरा पेटवून धूर करत. सकाळच्या एसटीच्या काचांवर दव असे. त्या दिवसांत अक्का शनिवारी दुपारी शिरपूरहून निघे, बस बदलत सावद्याला येई, नानांना आंघोळ घालून रविवारी परत जाई. मधल्या दिवसांत शेजारीण बघत होती. नानांच्या पाठीला जखम झाली. डॉक्टरांनी सांगितले, कूस बदलायला माणूस सतत हवे.

मग अक्काने नानांना सोबत नेले. उत्तरेकडे जाणारा केळीचा ट्रक तिने ठरवला. घडांच्या मध्ये जागा करून केळीची पाने आणि गादी अंथरली, नानांना आडवे केले, स्वतः उशाशी बसली. नानांची जीभ जड झाली होती, तरी हमालाने जवळ केळीचा घड ठेवला तेव्हा ते बोलले.

“माह्यावर केयी ठेवू नको रे. दबतीन.”

“कोन, तुमी का केयी?” हमाल म्हणाला.

“केयी,” नाना म्हणाले.

हे अक्कानेच पुढे सांगितले. त्या वेळी ट्रकजवळ मधुकर नव्हता.

तो आला निवडणुकीच्या अगदी तोंडावर. आबांच्या मळ्यातली ती मोसमातली शेवटची आणि सगळ्यांत मोठी भरीत पार्टी होती. मी बातमीसाठी गेलो होतो. धूर तोच, तिखट तेच, केळीच्या पानांवर तेलाचा तोच तवंग. मांडवात लहानसा मंच होता आणि मंचावर आबांच्या शेजारी मधुकर बसला होता. त्याने आबांची नक्कल केली. चालणे, उपरणे सावरणे, “या बठ्ठ्या आमच्या घरच्याच” हे वाक्यसुद्धा. आबा सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांत जास्त हसले. मग मधुकर म्हणाला की मी आबांच्या मळ्यातल्या पुऱ्या खाऊन मोठा झालो, आणि कलावंताच्या थट्टेचा बाऊ करणारे लोक आबांना ओळखत नाहीत. टाळ्या पडल्या. धुराआडची बाईंची ओळ हसली. ओळीत अक्काची जागा दुसऱ्या बाईने घेतलेली होती.

जेवणे झाल्यावर मी त्याला विहिरीजवळ गाठले. तो हात धूत होता.

“ते वाक्य तुझं स्वतःचं होतं का?” मी विचारले.

“कोणतं?” तो म्हणाला. “तिथलं का इथलं?”

त्याने हात रुमालाला पुसले.

“अक्काचा हुकूम रद्द होतोय, भाऊ,” तो म्हणाला. “आबांनी शब्द दिलाय. बाकी तुम्हाला काय छापायचं ते छापा.”

हुकूम रद्द झाला. निवडणूक आबांनी जिंकली. हा क्रम उलटा झाला असता तर हुकूम रद्द झाला असता का, हे सांगता येणार नाही. कारण क्रम असाच होता : पार्टी, रद्द झालेला हुकूम, मतदान.

त्या पावसाळ्याच्या आधी मी एका दुसऱ्या बातमीसाठी शिरपूरच्या पुढे गेलो. पायथ्याचे गाव, कौलारू शाळा, पलीकडे सातपुड्याची निळसर रेघ. शाळेला लागून दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत, दारासमोर, नानांची खाट होती. वर्ग सुरू असताना अक्का फळ्याजवळून त्यांना पाहू शके, आणि नाना तिला. दोन मुले मधल्या सुटीत खाटेशी येऊन नानांना उगाच पाढे म्हणून दाखवत. पाठीची जखम भरली होती.

मी तिला विचारले की हुकूम रद्द होऊन काही महिने झाले, तुम्ही हजर का झाला नाहीत. सावद्याला घर आहे, शेजार आहे, मोठा दवाखाना जवळ आहे.

तिने पितळी पेल्यात चहा दिला. आत जाऊन नानांची कूस बदलली. परत आली.

“मधू पण हेच विचारतो,” ती म्हणाली. “त्याला वाटतं, त्याच्यावर रागावून मी इथे राहिले.”

“नाही रागावलात?”

“रागावले ना. मला न विचारता त्याने मला टीव्हीवर आणलं, मग न विचारता उतरवलं.” तिने माझा रिकामा पेला उचलला. “पण त्यासाठी नाही राहिले. इथे रविवारी सुट्टी असते.”

ती संस्थेला विनंती अर्ज देऊन तिथेच राहिली. नानांचे निधन त्याच गावात झाले. अक्का निवृत्त झाली तीही त्याच शाळेतून.

मधुकरला पुढच्या हिवाळ्यात आणखी एक पुरस्कार मिळाला. सोहळा त्याच वाहिनीवर, रविवारीच दाखवला गेला. त्याने निर्माता, वाहिनी आणि प्रेक्षक यांचे आभार मानले. त्या संध्याकाळी सावद्यात केबल शेवटपर्यंत चालू होती.